नाखश्लागन: जर्मन कोशात शब्द कसा शोधायचा

जर्मन शिकायला लागून दोन-तीन महिने झाले की एक विचित्र अडचण येते. कोश हाताशी असतो, शब्द डोळ्यांसमोर असतो, आणि तरीही तो कोशात सापडत नाही. पुण्यातल्या जर्मनच्या वर्गांत मी हे वर्षानुवर्षं पाहत आले आहे. हुशार मुलं कोश मिटतात आणि भाषांतराच्या ॲपकडे वळतात. दोष त्यांचा नसतो. कोशात शोधायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. शिवाय शोधण्याबद्दल जर्मनमध्ये बोलायचे जे शब्द आहेत, तेही पाठ्यपुस्तकात सुटे सुटे, कुठेतरी कोपऱ्यात येतात. ते शब्द एकदा नीट कळले की जर्मन कोश आपणहून वाट दाखवायला लागतो.

या लेखात जर्मन शब्द कानाला ऐकू येतात तसे देवनागरीत लिहिले आहेत. त्यांची रोमन अक्षरं कोशातून शोधून वहीत उतरवणं हाच तुमचा पहिला सराव. लेख संपेपर्यंत तो तुम्हाला जमेल.

पहिली पायरी: क्रियापद

कोशात पाहणे याला जर्मन शब्द आहे नाखश्लागन. ‘नाख’ म्हणजे मागून, नंतर, आणि ‘श्लागन’ म्हणजे मारणे. मारण्याचा इथे काय संबंध, असं प्रत्येकाला वाटतं. दुवा आहे आउफश्लागन या भावंडात. पुस्तक उघडणे म्हणजे आउफश्लागन. शिक्षक वर्गात सांगतात, “श्लागन झी डास बूख आउफ झायटे त्स्वान्त्सिश आउफ”, म्हणजे पुस्तकाचं विसावं पान उघडा. पुस्तक उघडायच्या त्या क्रियेशी नाखश्लागनचं नातं आहे.

नाखश्लागन हे तुटणारं क्रियापद आहे. वाक्यात त्याचे दोन तुकडे होतात आणि पहिला तुकडा थेट शेवटी जाऊन बसतो:

“इश श्लागे डास वॉर्ट इम व्योर्टरबूख नाख.” (मी तो शब्द कोशात पाहते.)
“इश हाबे डास वॉर्ट नाखगेश्लागन.” (मी तो शब्द कोशात पाहिला आहे.)
“श्लाक माल नाख!” (बघ ना जरा कोशात!)

मराठीत आपण ‘कोशात बघ’ म्हणतो, म्हणून नवशिके झेअन म्हणजे ‘पाहणे’ वापरतात. ते चुकतं. नाखझेअन मात्र चालतं, आणि दक्षिण जर्मनीत व ऑस्ट्रियात नाखशाउअन सर्रास ऐकू येतं. मात्र हे दोन्ही शब्द ढिले आहेत. फ्रिजमध्ये दूध आहे का हेही नाखझेअन करता येतं, नाखश्लागन मात्र ग्रंथातच. नाखलेझन म्हणजे एखादी गोष्ट मुळात जाऊन वाचून काढणे, नुसता अर्थ पाहणे नव्हे. ब्लेटर्न म्हणजे पानं चाळणे. झूखन म्हणजे शोधणे, पण “डास वॉर्ट झूखन” म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं शब्द तुमच्या ओठावर आहे आणि आठवत नाही. गूगलन हे क्रियापद २००४ साली डूडन या कोशात दाखल झालं, आणि ते अगदी साध्या जर्मन क्रियापदासारखं चालतं: इश हाबे गेगूगल्ट.

दुसरी पायरी: कुठला ग्रंथ

संदर्भग्रंथाला एकच मोठा शब्द आहे, डास नाखश्लागेवेर्क. त्याखाली दोन घरं आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. व्योर्टरबूख म्हणजे शब्दकोश. लेक्सिकॉन म्हणजे बहुतेक वेळा ज्ञानकोश. इंग्रजीतून आलेल्या माणसाला लेक्सिकॉन म्हणजे शब्दसंग्रह वाटतो. जर्मन माणूस “इम लेक्सिकॉन” म्हणतो तेव्हा त्याला हवी असते माहिती: एखादं शहर, एखादा शास्त्रज्ञ, एखादं झाड. एन्त्स्युक्लोपेडी हा त्याचाच भारदस्त पर्याय. आपल्याकडे शब्दकोश आणि विश्वकोश हा भेद स्पष्ट आहे, तोच इथे लावायचा. लेक्सिकॉनचं अनेकवचन लेक्सिका, व्योर्टरबूखचं व्योर्टरब्युशर.

जर्मन ज्ञानकोशांचं नाव घ्यायचं तर ब्रोकहाउस. फ्रीडरिश आर्नोल्ट ब्रोकहाउस या प्रकाशकाने १८०८ मध्ये एक अर्धवट राहिलेला ‘संभाषणकोश’ विकत घेतला आणि त्यातून ही परंपरा उभी राहिली. सुशिक्षितांच्या बैठकीत बोलायला लागेल तेवढं ज्ञान पुरवणारा, म्हणून कॉन्वेर्झात्सिओन्स-लेक्सिकॉन. त्याची ३० खंडांची २१वी आवृत्ती २००५-०६ मध्ये निघाली, आणि छापील मोठ्या आवृत्त्यांचा प्रवास तिथे थांबला. पुण्यात श्री. व्यं. केतकर मराठी ज्ञानकोशाचं काम करत होते, तेव्हा त्यांच्या घरातही जर्मन होतीच. त्यांच्या पत्नी शीलवतीबाई मूळच्या एडिथ कोन, आणि विंटरनिट्स यांच्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचं जर्मनमधून इंग्रजी भाषांतर त्यांनी केलं.

शब्दकोशांत तीन नावं लक्षात ठेवा.

डूडन. कोनराड डूडन या मुख्याध्यापकांनी १८८० मध्ये शुद्धलेखनाचा कोश काढला, त्यात सुमारे २७,००० शब्द होते. २०२४ च्या आवृत्तीत १,५१,००० आहेत. ‘लाउट डूडन’ म्हणजे ‘डूडनप्रमाणे’, असं म्हटलं की लेखनाबद्दलचा वाद सहसा मिटतो. पण डूडन नावाचे खंड अनेक आहेत आणि दुकानातून घाईत पहिला खंड उचलला तर अर्थ फार कमी मिळतील, कारण तो मुख्यतः रेश्टश्राइबुंग, म्हणजे शुद्धलेखनासाठी आहे. परके शब्द, शब्दांचं मूळ, समानार्थी, वाक्प्रचार यांचे खंड वेगळे आहेत.

ग्रिम. परीकथांमुळे आपल्याला माहीत असलेले याकोब आणि विल्हेल्म हे भाऊ. त्यांनी १८३८ मध्ये जर्मन भाषेचा कोश हाती घेतला. पहिला भाग १८५२ मध्ये छापून आला. विल्हेल्म ‘डे’ अक्षर संपवून १८५९ मध्ये गेले, याकोब १८६३ मध्ये ‘फ्रुख्ट’ म्हणजे फळ या शब्दापाशी थांबले. पुढच्या पिढ्यांनी तो १९६१ मध्ये पूर्ण केला. नवशिक्यांनी तो अर्थासाठी उघडू नये. जुना शब्द कुठून आला, कुणी कसा वापरला, यासाठी उघडावा. एक लक्षात असू द्या: त्यात नामं लहान अक्षराने सुरू होतात. याकोब ग्रिम यांना नामांचं मोठं अक्षर मान्य नव्हतं.

तिसरा, आजच्या कामाचा, डे-वे-डे-एस. बर्लिन-ब्रांडेनबुर्ग विज्ञान अकादमीचा हा डिजिटल कोश आहे, विनामूल्य. प्रत्येक शब्दाची खरी वाक्यं त्यात मिळतात. बी-१ म्हणजे मधल्या पातळीच्या पुढे गेलात की द्वैभाषिक कोशाच्या जोडीला हा उघडायची सवय लावा.

तिसरी पायरी: ऐकलेला शब्द कुठल्या अक्षराखाली

मराठी कानाला जर्मन सोपी जाते, कारण त्स, झ हे ध्वनी आपल्याकडे आहेत. मात्र रोमन अक्षरांचा हिशेब आपण इंग्रजीचा लावतो आणि तिथे चुकतो. म्हणून आधी अक्षरांची जर्मन नावं पाठ करा, फोनवर स्वतःचं नाव सांगतानाही ती लागतात. जे ला योट म्हणतात, व्ही ला फाउ, डब्ल्यू ला वे, झेड ला त्सेट, वाय ला उप्सिलोन.

‘फ’ ऐकू आला तर एफखाली पाहा, नाही सापडला तर फाउखाली. फाटर (वडील), फोगल (पक्षी) फाउखाली आहेत. ‘व’ ऐकू आला तर बहुधा वे. ‘त्स’ त्सेटखाली. ‘य’ योटखाली. शब्दाच्या सुरुवातीला ‘श्ट’ किंवा ‘श्प’ ऐकू आलं तर एस-टे, एस-पे. तिथे एस-त्से-हा शोधत बसू नका. सुरुवातीचा ‘झ’ म्हणजे स्वरापूर्वीचा साधा एस. ‘ऑय’ ऐकू आलं तर बहुधा ए-ऊ, आणि शब्द अनेकवचनी असेल तर दोन टिंबांचा आ आणि ऊ. शब्दाच्या शेवटचे ग, ड, ब जर्मन लोक क, ट, प असे उच्चारतात. अनेकवचन केलं की खरं अक्षर बाहेर येतं.

आता दोन टिंबांची अक्षरं, म्हणजे उमलाउट. पुष्कळ जण त्यांना वर्णमालेच्या शेवटी शोधतात. जर्मन शब्दकोशात दोन टिंबांचा आ साध्या आ बरोबरच लावलेला असतो, ओ आणि ऊ यांचंही तसंच. बेअर (अस्वल) हा शब्द बार (मद्यगृह) नंतर लगेच मिळेल. नावांच्या यादीत मात्र नियम बदलतो. दूरध्वनी पुस्तकासारख्या यादीत दोन टिंबांचा ऊ हा ऊ-ए समजतात, म्हणजे म्युलर आडनाव दोन्ही प्रकारे लिहिणारी माणसं एकाच जागी येतात. जर्मनीच्या डिन ५००७ या मानकात हे दोन्ही प्रकार ठरवून दिलेले आहेत. एस्सेट हे अक्षर (इंग्रजी कॅपिटल बी सारखं दिसणारं) कोशाच्या क्रमात डबल एस समजून लावतात, आणि स्वित्झर्लंडमध्ये ते वापरतच नाहीत, सरळ डबल एस लिहितात.

चौथी पायरी: शब्दाला मूळ रूपात आणा

वाक्यातला शब्द प्रत्यय, काळ, वचन घेऊन उभा असतो. कोशात तो मूळ रूपात असतो. त्या रूपाला ग्रुंटफॉर्म म्हणतात. नव्वद टक्के अडचण इथेच असते, असं माझं मत आहे, आणि कोणतंही ॲप ही अडचण तुमच्या डोक्यातून काढून टाकू शकत नाही.

हे वाक्य घ्या: “डेअर त्सूक फेअर्ट उम आख्ट आप.” आठ वाजता गाडी काहीतरी करते. फेअर्ट शोधला तर छापील कोशात बहुधा नाही. आधी वाक्याच्या शेवटी पाहा. एकटाच लटकलेला ‘आप’ दिसतोय? तो क्रियापदाचा पुढचा तुकडा. मग फेअर्टमधले दोन टिंब काढा, त-कार काढा, एन लावा: फारन. दोन्ही जोडा: आपफारन, म्हणजे सुटणे. जर्मन वाक्य वाचताना आधी शेवट बघायची ही सवय पहिल्या महिन्यातच लागायला हवी.

भूतकाळात तर स्वरच बदलतात. गिंग हा गेअनचा भूतकाळ. यासाठी कोशाच्या शेवटी सहसा अनियमित क्रियापदांची यादी असते, तिथे शोधा. मधे ‘गे’ अडकलेला दिसला, जसं आउफगेश्रीबन, तर तो काढून टाका आणि बदललेला स्वर मूळचा करा: आउफश्राइबन, लिहून ठेवणे. नामात टिंब आणि शेवटी एर दिसलं तर अनेकवचन: हॉयझरवरून हाउस. विशेषणाचा शेवट छाटा. पण बेसर हा गूटचा आणि होहन हा होखचा, हे पाठच करावं लागतं.

लांबलचक जोडशब्द उजवीकडून सोडवा. जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला गेलात की पत्त्याची नोंदणी करताना एक कागद मागतात: वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. शब्द पाहून घाबरू नका. सगळ्यात उजवीकडे बेश्टेटिगुंग, म्हणजे पुष्टी, दाखला. त्याआधी गेबर, देणारा. त्याआधी वोनुंग, राहती जागा. मधला एस फक्त सांधा, त्याला अर्थ नाही. जागा देणाऱ्याचा दाखला, म्हणजेच घरमालकाचं पत्र. लिंगही उजवीकडच्या शब्दाचंच: डी. असे शब्द अख्खे कोशात नसले तरी त्यांचे तुकडे नक्की असतात.

पाचवी पायरी: नोंद वाचायला शिका

कोशातल्या नोंदीला आइनट्राक म्हणतात आणि जाड ठशात छापलेल्या शब्दाला श्टिशवॉर्ट. या शब्दाची दोन अनेकवचनं आहेत. कोशातले शब्द ते श्टिशव्योर्टर. भाषणासाठी कागदावर उतरवलेले मुद्दे ते श्टिशवॉर्टे. फरक वॉर्ट या मूळ शब्दातूनच आलेला: व्योर्टर म्हणजे मोजता येणारे सुटे शब्द, वॉर्टे म्हणजे बोललेलं वचन.

नामापुढे तीन गोष्टी असतात: लिंग, षष्ठीचं रूप, अनेकवचन. हाउससमोर डास, मग आडवी रेघ आणि ए-एस, मग हॉयझर. रेघ म्हणजे ‘इथे मूळ शब्द समजा’. या तिन्ही गोष्टी वहीत लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण लिंगावर अर्थ फिरतो. बांट पाहा. डेअर बांट, अनेकवचन बेंडे, म्हणजे ग्रंथाचा खंड. डास बांट, अनेकवचन बेंडर, म्हणजे फीत. तशीच अक्षरं असलेला, पण इंग्रजीतून आलेला डी बेंट म्हणजे वाद्यवृंद. संदर्भग्रंथात बे-डे असं संक्षिप्त रूप दिसलं की तो खंड.

क्रियापदाची नोंद समजायला आपलं नाखश्लागनच घेऊ. शेजारी एस-टे आणि फाउ दिसेल: श्टार्केस वेर्प, म्हणजे स्वर बदलणारं क्रियापद. मग हाट किंवा इस्ट, पूर्णकाळात कुठलं सहायक क्रियापद लागतं ते. पहिला अर्थ, ग्रंथात पाहणे, त्याला हाट. खाली दुसरा अर्थ आहे, तिथे इस्ट आणि योट-एम-डे-एम ही चार अक्षरं. ही चार अक्षरं म्हणजे येमांडेम, ‘कुणालातरी’, चतुर्थीत. “एअर श्लेक्ट झायनम फाटर नाख”: मुलगा बापाच्या वळणावर गेलाय! अक्षरं योट-एम-डे-एन असतील तर द्वितीया. एवढ्या एका अक्षराच्या फरकावर तुमच्या वाक्याचं व्याकरण उभं राहतं, म्हणून ते वाचायला कंटाळू नका.

बाकीच्या खुणा: ऊ-गे-एस म्हणजे उमगांग्सश्प्राखलिश, रोजच्या बोलण्यातला शब्द, अर्जात वापरू नये. गेहोबन, उच्च भाषेतला. फेअरआल्टेट, कालबाह्य. आपवेर्टंट, तुच्छता दाखवणारा. ही खूण असलेला शब्द नवख्याने तोंडात घेऊ नये. जाड ठशातल्या शब्दात स्वराखाली टिंब असेल तर आघात ऱ्हस्व स्वरावर, रेघ असेल तर दीर्घ स्वरावर.

सहावी पायरी: एका नोंदीवरून दुसरीकडे

झीए म्हणजे ‘पाहा’. एस-ओ म्हणजे झीए ओबन, वर पाहा. एस-ऊ म्हणजे झीए उंटन, खाली पाहा. फाउ-गे-एल म्हणजे फेअरग्लाइशे, ‘ताडून पाहा’. झीए तुम्हाला पुढे पाठवतं आणि फेअरग्लाइशे शेजारी काहीतरी ठेवून पाहायला सांगतं, हा फरक अभ्यासात महत्त्वाचा ठरतो. पानाच्या आकड्यापुढे एक एफ असेल तर ते आणि त्यापुढचं पान, दोन एफ असतील तर पुढची काही पानं. तळटिपेत ए-बे-डे म्हणजे एबेनडा, आधीच्याच ठिकाणी. आ-आ-ओ म्हणजे आधी उल्लेख केलेल्या ग्रंथात, पण कुठे उल्लेख केला ते तुम्हीच मागे जाऊन शोधायचं. ओ-योट म्हणजे प्रकाशनवर्ष दिलेलं नाही.

ग्रंथाच्या सुरुवातीला इनहाल्ट्सफेअरत्साइशनिस, अनुक्रमणिका. शेवटी रेगिस्टर, म्हणजे सूची. आपल्या डोक्यात रजिस्टर म्हणजे हजेरीपट असतो, तो इथे बाजूला ठेवा. झाखरेगिस्टर विषयांची, पेर्झोननरेगिस्टर व्यक्तींची. आणि सुरुवातीची संक्षेपांची यादी, आपक्युर्त्सुंग्सफेअरत्साइशनिस, नवा कोश विकत घेतलात त्याच दिवशी पूर्ण वाचा. अर्धा तास लागतो.

सातवी पायरी: ग्रंथालयात

इथे तीन शब्द हमखास फसवतात. झिग्नाटूर म्हणजे सही नव्हे, पुस्तकाच्या पाठीवरचा मांडणीचा क्रमांक. मागात्सीन म्हणजे मासिकही असतं, पण ग्रंथालयात ते बंद कोठार, तिथलं पुस्तक मागणी नोंदवून मागवावं लागतं. आणि श्लाकवॉर्ट: यादीत श्टिशवॉर्टने शोधलं तर शीर्षकात असलेलाच शब्द सापडतो, श्लाकवॉर्टने शोधलं तर ग्रंथपालाने त्या पुस्तकाला दिलेला विषय. शीर्षकात ‘दुष्काळ’ हा शब्द नसलेलं दुष्काळावरचं पुस्तक दुसऱ्या मार्गानेच मिळतं. कोश बहुधा प्रेझेन्त्सबेश्टांटमध्ये असतात, म्हणजे लेझेझालमध्ये (वाचनकक्षात) बसून वाचायचे, घरी न्यायचे नाहीत.

आउसकुन्फ्ट (चौकशी) अशी पाटी असलेल्या टेबलापाशी जा आणि विचारा: “वो कान इश डास नाखश्लागन?” (हे मी कुठे पाहू शकते?) किंवा “उंटर वेल्शम श्टिशवॉर्ट फिंडे इश डास?” (हे मला कुठल्या शब्दाखाली सापडेल?) या दुसऱ्या वाक्यातला उंटर लक्षात ठेवा, नोंद नेहमी शब्दाच्या ‘खाली’ असते. पान मात्र आउफ. आणि पुस्तकात एखादी गोष्ट लिहिलेली आहे, हे जर्मन माणूस ‘उभी आहे’ असं म्हणतो: “डास श्टेट इम डूडन.”

शेवटी वाक्प्रचार. ते कुठल्या शब्दाखाली पाहायचे हा प्रश्न सगळेच विचारतात. बहुतेक कोशांत पहिल्या नामाखाली. ‘इम श्टिश लासन’ शोधायचं असेल तर लासनच्या लांबलचक नोंदीत हरवू नका, श्टिशखाली पाहा. तिथे टाका, डंख, भोसकणं असे अर्थ ओलांडत खाली या. योट-एम-डे-एन दिसेल, म्हणजे द्वितीया, म्हणजे ‘मला’ हे मिश. अर्थ: अडचणीत एकटं टाकणे, वाऱ्यावर सोडणे. आता वाक्य तुम्हीच जुळवू शकता: “लास मिश निश्ट इम श्टिश!”